डावीकडे वळायचं होतं

प्रिय वन्सं,

माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, चौथीपर्यंतचं. सावकाश वाचा. शेजारची मा आडनावाची म्हातारी डोळे दाखवायला तुमच्या लोयांगला येतेय, तिच्या हाती हे देतेय.

इथं सगळं तेच. मामंजी पहाटे अंगणात उभे राहतात ते राळ्याची पेज गार झाली तरी आत येत नाहीत. बोरीला यंदा बोरं कमी. त्याच बोरीवर चढून तुम्ही त्यांचे ताई-चीचे धडे चोरून बघायच्या ना? माझ्या लग्नात तुम्ही मला म्हणाला होतात, मी वीस वर्षं झाडावर बसले न् तुला दारातनं आत घेतलं. तेव्हा मी हसले. मुलीला शिकवलं तर विद्या परक्या घरी जाते, सून कुठं जात नाही, म्हणून सुनेला शिकवायचं. ते 'कुठं जात नाही' मला तेव्हा कळलंच नव्हतं.

मामंजींनी मला कणीक मळता मळता शिकवलं. म्हणायचे, तिच्यावर जोर काढू नकोस, ती तुझ्यापेक्षा हट्टी आहे. समोरच्याचा जोर अडवायचा नाही. हाताला हात लावून कातडीनं ऐकायचं, कमरेतून वळायचं, जोर बाजूनं जाऊ द्यायचा. पडेल त्याचा तो.

गेल्या वसंतात तालुक्याच्या सामन्यात तुमच्या भावाला एका कुस्तीवाल्या पोरानं दोनदा आपटलं. लोक हसले. आमचे तिघं शागीर्द दुसरीकडं गेले. तेव्हापासून हा घरी येऊन म्हणतो, हात दे. आधी सरावच होता. मी वळायची, हा कडब्यात जाऊन पडायचा, म्हणायचा बायको आहे का मासळी. मग हसायचा थांबला. थांबायचाही थांबला. मी आठ महिने वळतेय, वन्सं. अंगावर फार वळ नाहीत, म्हणून कुणाला सांगताही येत नाही. तुम्हाला सांगावं लागणार नाही. तुमच्या कपाळावरची खूण मी पाहिलीय.

परवा मी चुलीपाशी होते. हा आला, हात दे म्हणालाच नाही. हात उठायच्या आधी मला त्याचा खांदा ऐकू आला. मी उजवीकडे वळले. इतकं चांगलं मी कधीच वळले नव्हते, अंगात कुठं अडलंच नाही. सगळा जोर माझ्या बाजूनं गेला. माझ्या मागं दौदौ वाटी घेऊन उभी होती.

कोपर मोडलंय. प्लास्टर घातलंय. चार वर्षांची पोर, रडलीसुद्धा नाही, वाटी शोधत होती. मामंजी दारात आले, बघितलं, मला म्हणाले, डावीकडे वळायचं होतंस. आणि त्याला म्हणाले, खांदा वर येतोय तुझा. मग परत अंगणात गेले. मी मनात शंभरदा डावीकडे वळले. डावीकडे चूल होती.

मी मामंजींना म्हणाले, मी जाते. ते म्हणाले, आमचा हात तुझ्या अंगात आहे, तो घेऊन कुठं जाशील? खरंच कुठं जाणार. मी गेले की हा मागं येईल, तुमच्या दारात येईल. मामंजींनी आणखी एक शिकवलंय, ज्याचा हात आपल्या हाताला चिकटलाय तो दुसऱ्या कुणापर्यंत पोचत नाही. म्हणून मी चिकटून राहते. किती दिवस, ते विचारू नका.

मा म्हातारीच्या एका हातात हे पत्र आहे आणि दुसऱ्या हातात दौदौचा धड हात आहे. तिला ठेवून घ्या. हा रडत आला तरी परत देऊ नका. मी बोलावलं तरी देऊ नका. तिला आंबट शेवया आवडतात. केस विंचरताना तिच्या समोर बसा, मागून हात आला की ती वळते. कमरेतून, बरोब्बर. कुणी शिकवलेलं नाही तिला.

तुमचीच,
सूयुन