चौथ्या गल्लीतल्या गेरूच्या रेघा

कादराबाद, जालना
९ बहमन १३५४ फसली

तीर्थरूप मामांच्या पायांशी चतुराचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. मामींचा गुडघा कसा आहे? मिठाच्या गरम पाण्याने शेकावा, पण आधी कोपर बुडवून पाहावे. मागच्या वेळी त्यांनी गुडघ्याऐवजी कातडे शेकले होते.

बदलीचा हुकूम पोचला. पुढच्या महिन्यात, एक इस्फंदारला औरंगाबादच्या दवाखान्यात हजर व्हायचे, म्हणजे हातात तीन आठवडे. (इथल्या ख्वाजामियाँ टांगेवाल्याची बायको अकबरबी हिचे दिवस बारा इस्फंदारला भरतात. त्याविषयी पुढे लिहिते.) गेल्या अमरदाद महिन्यात अर्ज मीच केला होता आणि तुम्ही कचेरीत तो पुढे सरकवलात, त्याबद्दल आभारी आहे. तुमच्याकडे कागद सहा महिन्यांत हलतो हे मला ठाऊक नव्हते. मी दोन वर्षे धरून चालले होते.

अर्जात लिहिलेले सारे खरे होते, आजही आहे. जिनिंग गिरणीतला कापूस उडून उकळलेल्या कात्र्यांवर बसतो. गिरणीचा भोंगा कधी आठला वाजतो, कधी आठ वाजून बारा मिनिटांनी, आणि सारा मोहल्ला त्यावरून लेकरांच्या जन्माची वेळ सांगतो. कुंडलिका नदी नकाशात निळी आहे. पात्रात सध्या गाढवे, धुणी आणि चार डबकी आहेत. गल्ल्यांना नावे नाहीत. प्रत्येक गल्ली लिंबाच्या झाडापाशी वळते असे सांगतात, आणि लिंब तीन आहेत.

या गल्ल्यांपायीच मी रेघेची युक्ती काढली. ज्या घरी बाळंतपण यायचे, त्या घराच्या चौकटीवर डाव्या बाजूला गेरूची एक उभी रेघ. बोलावणे आले की रेघ शोधायची. पहिला पंधरवडा युक्ती बिनचूक चालली. तेवढ्यात तीन बाया सुखरूप मोकळ्या झाल्या, आणि घोटाळा तिथेच झाला. मोहल्ल्याने ठरवले की गुण नर्सबाईचा नाही, रेघेचा आहे.

पुढे भुजंगच्या बायकोसाठी बोलावणे आले. पेटी घेऊन गेले तर चौथ्या गल्लीत एकोणीस रेघा. पहिल्या दारातून रामराव निघाले. वय साठ, विधुर. कोण अडले आहे, असे मी विचारले. "कोणी न्हाई बाई. समदेच लावून राह्यले, मंग म्हटलं आपलंच दार मोकळं कशापायी?" दुसऱ्या दारी कडूबाची म्हैस व्यायला झाली होती, आणि आलाच आहात तर बघूनच जा, असा त्याचा आग्रह. (पाहिले. पारडू सरळ होते. ही नोंद सरकारी वहीत नाही.) तिसरे दार सगुणाबाईंचे. त्यांच्या सुनेला सात वर्षांत मूल नाही. रेघ का लावली ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

एवढ्यात माझ्या घरमालकीण साळूबाई वरून ओरडल्या. त्या घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावर, मूग वाळवत होत्या. "अवो बाई, खाली काय चकरा मारून राह्यल्या? जल्दी वर या!" मग पेटी या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात, आणि मी एका धाब्यावरून दुसऱ्यावर, अशी सात घरे ओलांडून मला भुजंगच्या अंगणात उतरवले. (गल्लीतून अकरा मिनिटे लागतात, धाब्यांवरून चार. नंतर घड्याळ लावून पाहिले.) मुलगी झाली. दोन घरांचे मूग मी तुडवले. बोलल्या त्या फक्त साळूबाई, पण त्या बोलतातच.

रेघा पुसा, म्हणून मी महिनाभर दारोदार सांगितले. सगळे हो म्हणाले आणि कोणी पुसल्या नाहीत. परवा हुकूम आला. मी कोणाला सांगितले नव्हते, पण टपालवाला इथलाच आहे. काल सकाळी पाहते तर गल्लीत एकच रेघ उरलेली, अकबरबीच्या दारावर. तिची आधीची तीन बाळे गेली. तिन्ही वेळा दाईला घरच सापडले नव्हते. साळूबाईंना विचारले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नव्या बाईला बराबर घर गवसाया पाहिजे. धाब्यावरून या म्हणून तिला कोण सांगंल? तिनं ऐकलं तर ऐकलं." सगुणाबाईंनीही आपली रेघ पुसली आहे. चौकटीवर ओल्या फडक्याचा डाग अजून दिसतो.

अकबरबीने विचारले, "बाई, नई बाई को ये रेघ समझेगी क्या?" मी हो म्हणाले. (नव्या बाईची नेमणूकच झालेली नाही. चौकशी केली आहे. दोनदा.)

तर कळवायचे एवढेच, की माझी ट्रंक बांधून तयार आहे आणि या गावात पाय अडकावा असे काही नाही. मामींना नमस्कार.

आपली भाची,
चतुरा

ता. क. ट्रंक तीनदा बांधली, तीनदा सोडली. अकबरबीसाठी उकळून ठेवलेली फडकी दर वेळी चुकून तळाशी जातात.

दुसरा ता. क. बदलीचा शेवटचा कागद तुमच्याच मेजावरून सहीला जातो, असे तुम्ही म्हणाला होतात. अर्ज मागे घेत असल्याचे पत्र सोबत जोडले आहे. तक्रारी मात्र मागे घेतलेल्या नाहीत. पत्र मंजूर होईपर्यंत माझी फाइल एखाद्या ढिगाच्या तळाशी जावी. मी वशिला मागत नाही, तुमच्या कचेरीची नेहमीची चाल मागते. अकबरबीची बारा ही तारीखही अंदाजाची आहे, दहा दिवस इकडे किंवा तिकडे. तेव्हा त्यानंतरही फाइल सापडण्याची घाई नको.

तिसरा ता. क. हे पत्र टपालात लगेच नजरेस पडावे म्हणून पाकिटाच्या डाव्या कडेला गेरूची रेघ ओढली आहे. ओढताना साळूबाईंनी पाहिले. रामराव सकाळपासून ओट्यावर बसून गल्लीची पत्रे लिहून देत आहेत, आणि तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर आणखी एकोणीस पाकिटे निघाली आहेत, सगळ्यांवर रेघ. आत काय आहे ते मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. सगळी उघडा.