दोन टेपरेकॉर्डर आणि एक ‘काहून’

अमरावती,
शुक्रवार, मार्च १९६४

रा. जानरावजी यांस,

अमरावतीहून देवरावाचा नमस्कार, आणि आपल्या भगिनी केशरबाई यांचा आशीर्वाद (त्या आपल्याहून वडील असल्यामुळे तो अधिकार त्यांचा, मेहुण्यास माझ्याकडून नमस्कारच). येथे सर्व कुशल आहे, म्हणजे माणसे कुशल आहेत. यंत्रांविषयी पुढे लिहितो. आपला गुडघा कसा आहे? अकोल्यात रोज मोर्णेचा पूल ओलांडून मंडळाच्या कचेरीत जाणे झेपते ना? विशेषतः खोकल्याविषयी सविस्तर कळवावे. मागे जुन्या शहरातील आपल्या घरी उतरलो होतो, तेव्हा तो चांगलाच दमदार होता. बरा झाला असल्यास आनंद आहे. नसल्यास फारशी चिंता करू नये.

आता मुख्य विषय. आपल्या वऱ्हाड शुद्धवाणी मंडळाने शाळांतून ऐकविण्यासाठी मराठीचे धडे ध्वनिमुद्रित करावयाचे ठरविले आहे. पुण्याच्या प्राध्यापकांची फीत आणि माझी फीत अशा दोन्ही ऐकून परवा रविवारच्या सभेत एकीची निवड होणार, हे आपण चिटणीस या नात्याने जाणताच. मला त्या प्राध्यापकांविषयी आकस नाही. परंतु ज्या गृहस्थांना कपाशीची पऱ्हाटी कोणती आणि तूर कोणती हे शेतात उभे करून दाखवावे लागेल, त्यांनी तिवशाच्या मुलांस ‘बोंड’ या शब्दाचा उच्चार शिकवावा, हे मला मान्य नाही. वऱ्हाडच्या शाळेत वऱ्हाडच्या माणसाचा आवाज ऐकू यावा, आणि तो शुद्ध असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. (हे वाक्य पुन्हा वाचावे. पुढे ते उपयोगी पडेल.)

आपली सूचना अशी होती की, फितीचा भरवसा नाही, तेव्हा धडा एकाच वेळी दोन यंत्रांवर उतरवावा. एक बिघडले तरी दुसऱ्यावर तो शाबूत राहील. सूचना नामी होती. त्याप्रमाणे मंडळाचे मोठे यंत्र आणि आपल्या जावयांचे, लग्नातून गाणी वाजविणारे, लहान यंत्र अशी दोन्ही माझ्या बैठकीत येऊन बसली. सोयीसाठी मी त्यांस थोरले आणि धाकटे म्हणतो.

पहिला घोटाळा आपल्या लेखनशैलीमुळे झाला. आपण सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, “आरंभी फीत पुसून घ्यावी.” जानरावजी, ‘पुसणे’ या धातूचे आपल्या प्रांतात निदान दोन अर्थ आहेत: एक स्वच्छ करणे, दुसरा विचारणे. फितीस काही विचारता येत नाही, म्हणून मी पहिला अर्थ घेतला आणि केशरबाईंनी ओल्या फडक्याने संपूर्ण फीत, वेटोळे उलगडीत, स्वच्छ पुसली. ती अंगणातील दोरीवर वाळत असताना रेडिओ दुरुस्त करणारा गोवर्धन आला आणि हसू आवरेना म्हणून ओसरीवरच बसला. ‘पुसणे’ म्हणजे फितीवरील जुना आवाज घालविणे, असा तिसरा अर्थ त्याने सांगितला. अर्थ तीन असताना कोणता अभिप्रेत आहे हे न लिहिणे हा लिहिणाऱ्याचा दोष आहे, वाचणाऱ्याचा नव्हे. आणि या बाबतीत मी कोणाचीही क्षमा मागणार नाही.

नवी फीत आणविली. आता थोरले यंत्र बोलणे टिपू लागले, परंतु धाकट्यावर नुसती भुंग्यासारखी गुणगुण येई. गोवर्धनाने ध्वनिग्राहकाची तार बदलली, तेव्हा धाकटे टिपू लागले आणि थोरले गुणगुणू लागले. मग त्याने तारेला बेचकीसारख्या दोन शाखा केल्या. तेव्हा दोन्ही यंत्रांनी एकमेकांचा आवाज ऐकून असा काही आक्रोश मांडला की शेजारच्या गंगूबाई डोक्यावर पदर घेऊन धावत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “मास्तर, कोन गेलं जी?” कोणी गेले नसून मराठी भाषेचे कार्य चालू आहे, असे मी त्यांस सांगितले. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. त्यानंतर धाकट्याचा वेग चुकून निमपट राहिल्याचे आढळले. त्याची फीत थोरल्यावर लावली असता माझा स्वर पाळण्यातील मुलासारखा आला. (केशरबाई या काळात वारंवार स्वयंपाकघरात जात होत्या. तेथे काही काम नव्हते.)

अखेर गोवर्धनाने दोन्ही यंत्रे एकाच खटक्यावर आणली. खटका दाबला की दोन्ही चालावीत, सोडला की दोन्ही थांबावीत. एकाने जे टिपले ते दुसऱ्याने टिपलेच पाहिजे, अशी माझी अट होती. “दोघायचं लगन लावून देलं मास्तर,” तो म्हणाला, “आता एक हासलं का दुसरंबी हासते.” एवढे बोलून तो चिखलदऱ्यास कोणाच्या लग्नात भोंगा लावण्यास निघून गेला.

मी धडा सुरू केला. वर्णोच्चार झाला, लिंगविचार झाला, पुण्याच्या प्राध्यापकांसही जमणार नाही असा ‘ळ’ झाला. मग प्रश्नार्थक अव्ययांचे प्रकरण आले. मी स्पष्ट स्वरात म्हणालो, “विद्यार्थ्यांनो, ‘काहून’ असे म्हणू नये, ‘का’ असे म्हणावे.” नेमका त्याच क्षणी धाकट्याचा दिवा विझला, आणि एक आवाज आला:

“काहून थांबलं बे हे?”

तो आवाज माझा होता, असे केशरबाई म्हणतात. खोलीत दुसरे कोणी नव्हते, ही गोष्ट मी नाकारीत नाही.

यंत्र थांबले नव्हतेच. दिवा तेवढा गेला होता. दोन्ही यंत्रांनी ते वाक्य प्रामाणिकपणे टिपले. आता ‘पुसणे’ या धातूचा तिसरा अर्थ मला ठाऊक असल्यामुळे मी दोन्ही फिती हाताने थोड्या मागे घेतल्या, खटका दाबला, श्वास रोखून उभा राहिलो आणि तेवढी जागा कोरी केली. त्या श्रमाने म्हणा, वा रागाने, धाकट्यातील वाल्व्ह फुटला आणि एका तारेत बांधलेले थोरलेही मुके झाले. तसला वाल्व्ह नागपुराखेरीज मिळत नाही. म्हणजे नवा धडा रविवारपूर्वी होणे नाही. शेजारच्या वकिलांच्या यंत्रावर (ते नुसते वाजविते, टिपत नाही) फीत लावून ऐकली, तेव्हा कळले की मी ती जरा अधिकच मागे घेतली होती. जे पुसायचे ते राहिले आणि जे ठेवायचे ते पुसले गेले. फीत आता अशी बोलते: “विद्यार्थ्यांनो, ‘काहून’ —” (येथे क्षणभर शांतता) “— असे म्हणावे.” आणि लगेच खाली उदाहरण: “काहून थांबलं बे हे?”

दुसऱ्या फितीवर धडा शाबूत असेल म्हणून ती लावली. तीही अक्षरशः तेच बोलली. जानरावजी, आपली दोन यंत्रांची योजना माणसास यंत्रापासून वाचविते. माणसापासून यंत्रास वाचविण्याची सोय तीत नाही. माणसाने एकावर जे चुकविले ते दुसरेही तितक्याच निष्ठेने चुकविते. हे आपल्या चिठ्ठीत असावयास हवे होते.

आता आपण म्हणाल, देवराव फीत पाठविणार नाहीत; रविवारी पुण्याची फीत एकटीच वाजेल आणि निवड होऊन जाईल. मी फीत पाठवीत आहे. उद्याच्या पहिल्या मोटारीने ती आपल्याकडे येईल, आणि त्या वाक्यासह ती सभेत वाजवावी. मी यावर रात्रभर विचार केला नाही, जेवण्यापूर्वीच केला. ‘हून’ हा पंचमीचा प्रत्यय आहे. घराहून, अकोल्याहून, तसेच काहून, म्हणजे कशापासून, कोणत्या कारणापासून. पुण्याचा ‘का’ बिचारा प्रत्ययावाचून उघडा फिरतो. आमच्या ‘काहून’च्या अंगावर पूर्ण वस्त्र आहे. ‘बे’ हे संबोधन असून ते यंत्रास उद्देशून असल्यामुळे त्यात कोणाचाही अवमान होत नाही. सबंध आयुष्य मी मुलांच्या पाट्यांवरून हा शब्द खोडीत आलो, हे खरे. परंतु तेव्हा त्याची व्युत्पत्ती पाहण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. पुण्याच्या प्राध्यापकांनी यातील एक तरी विधान खोडून दाखवावे. मी त्यांच्या फितीत एकही चूक काढणार नाही. इतक्या निर्दोष फितीत ते काही बोललेच नसावेत अशी शंका मात्र येते.

आणखी एक साक्ष. वकिलांकडे फीत वाजली तेव्हा केशरबाई सर्व धडा अदबीने ऐकत होत्या. ते वाक्य आले तशा त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “सगळ्यात तेवढंच समजलं मले.” हे शब्द त्यांनी कौतुकाने उच्चारले, असे माझे मत आहे. तिवशाच्या मुलांचेही तसेच होणार असेल, तर मंडळाने ते आधी ऐकलेले बरे.

मंडळास जो निर्णय घ्यावयाचा तो उघड्या कानांनी घ्यावा. मी एक अक्षर मागे घेत नाही.

आपला,
देवराव

ता. क. १: वर खोकल्याविषयी विचारले होते. सभेत फीत वाजताना लिंगविचार संपून प्रश्नार्थक अव्यये सुरू झाली, आणि ‘विद्यार्थ्यांनो’ हा शब्द आला, की आपणास मोठ्याने व थोडा लांबट खोकला यावा. बरा झाला असला तरी यावा. चिटणीसांच्या खोकल्यास कोणी हरकत घेणार नाही.

ता. क. २: हे पत्र पाकिटात घालीत असता केशरबाईंनी मागे उभ्या राहून पहिला ता. क. वाचला आणि त्या म्हणाल्या, “एवढं सारं लिवलं, अन् आता माह्या भावाले खोकाले सांगता?” तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा. तरी खोकू नये. दुसरे कोणी खोकल्यास यंत्र थांबवून ती जागा पुन्हा वाजवावी.

ता. क. ३: वरील वाक्यातील ‘माह्या’ आणि ‘खोकाले’ ही रूपे मी जशीच्या तशी ठेवली आहेत. लेखनदोष समजू नये.