ह्यांच्या नावाचं पार्सल

२८ सप्टेंबर १९९९
आलं — मनगटी घड्याळ, एक. अमेरिकेहून, पार्सलने. दाम — काही नाही.
नाव ह्यांचं! ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि पार्सल येतं ऐन पितृपक्षात. पोस्टमन गुणाजी सहीसाठी दारातच थांबला. उखाण्याखेरीज ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. आज लिहिलं — महिपती.
ह्यांनीच पाठवलं असं समजून घड्याळ फोटोपुढे ठेवलं. हळदकुंकू वाहिलं.

३० सप्टेंबर
आले — बूट, एक जोड. पुन्हा ह्यांच्या नावावर. आमच्या प्रणितने घातले. मी चुलीपाशी होते. ओटीवरून चालला, तर पावलं अगदी ह्यांची!
मग खोदून विचारलं. रोह्याची कंपनी बंद झाल्यापासून पोरगा रिकामाच. यंदा इथे जोह्यात मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखले, विसर्जनानंतर तेही काम संपलं. आता रोह्याला मित्राच्या, अक्षयच्या, कॉम्प्युटर क्लासात बसतो. इंटरनेटवर परदेशातली दुकानं असतात म्हणे. कुणा परक्याच्या बँकेच्या कार्डाचा नंबर टाकायचा, माल घरी, पैसे त्याचे.
ही चोरीच रे, म्हटलं. हसला.
"काम देतंय का कोण? नाव मेलेल्याचंच घालायचं, असा अक्षयचा नियम हाय. मेलेल्याला कोण पकडणार, आई?"
फोटोपुढचं घड्याळ उचलून कोनाड्यात टाकलं. चोरीच्या मालाला मी कुंकू वाहिलं!

२ ऑक्टोबर
ह्यांची तिथी. पान ठेवलं. कावळे कौलावर बसून राहिले, घासाला शिवेनात. मनात म्हटलं, पोराला थांबवते. तरी शिवले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा केला.
प्रणितला सांगितलं. "आता एकच शेवटचं," म्हणाला. तेच बूट घालून रोह्याला गेला.

५ ऑक्टोबर
प्रणित आला नाही.

७ ऑक्टोबर
शेजारची अनिता रोह्याला गेली होती, तिला क्लासात डोकवायला सांगितलं होतं. आत अक्षय एकटाच. प्रणित कुठंय विचारलं, तर मान वर केली नाही. म्हणाला, मला नाय ठाऊक.

९ ऑक्टोबर, सर्वपित्री
पान वाढायच्या आधीच कावळा कुंपणावर. उडेना.
गुणाजी आला. पार्सल. म्हटलं, ह्यांचंच असेल. चष्मा लावून वाचलं.
प्रणित महिपती घरत.
सही केली नाही. घेतलंच नाही. परत ने म्हटलं.
क्लासच्या पत्त्यावर कार्ड टाकलं — बाळा, असशील तिथून उलट टपाली कळव. दोनच अक्षरं, पण तुझ्या हातची.