इथं कुणी पडत नाही

४ जानेवारी
आज या वृद्धाश्रमात आले. खुब्याचं हाड जुळलंय, चालतेही. फक्त लेकाच्या घरचे तीन जिने चढण्याइतका दम पायांत यायचाय. तेवढा आला की घरी, असं त्यानं कबूल केलंय. कंडक्टरकीत माझा उभा जन्म गेला. चालत्या बसमध्ये दांडी न धरता तिकिटं फाडली. जिन्यांचं काय एवढं! खोली हवेशीर, पलंग बुटका, न्हाणीत धरायला दांड्या. दारावर पाटी आहे, इथं कुणी पडत नाही. वाचून जीव भांड्यात पडला.

९ जानेवारी
समोरच्या पलंगावर एक निवृत्त हेडबाई आहेत. मी उठले रे उठले की बेल दाबतात. सिस्टर धावत येते, पडाल हो आजी म्हणत लाडानं बसवते. शाळेत पोरांच्या चहाड्या ऐकायची सवय, आता स्वतःच करतायत, म्हणून मी हसले. मग त्यांचं पांघरूण सरकलं. पायांच्या नुसत्या काड्या. इथं आल्या तेव्हा चालत आल्या होत्या म्हणे.

२० जानेवारी
माझी काठी कपाटात ठेवली, माझ्याच भल्यासाठी. खुर्चीला पुढून फळी लावतात, उठता येत नाही. सिस्टरवर तरी कशी चिडू? एक आजोबा तिच्याच पाळीत पडले आणि गेले. सांगताना तिला रडू आवरेना. लेकाला फोनवर म्हटलं, मला चालू द्यायला सांग रे. तो म्हणाला, तू तिथं सुखरूप आहेस आई, आम्हाला घोर नाही.

१७ फेब्रुवारी
हेडबाई गेल्या. पडल्या नाहीत. अंथरुणातच.
त्यांच्या जागी एक शिवणकामवाली आली. तुरुतुरु खिडकीशी गेली आणि बेल वाजली. हात माझा होता. मी का दाबली? तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. फार रडले.

६ मार्च
मांडी चाचपली. हाडाशिवाय हाताला काही लागतच नाही —
सगळे आपापल्या खुर्चीत. कुणी पडत नाही.

२ एप्रिल
लेक आलाय. खाली त्याचा आवाज. उभी दिसले तर नेईल. फळी लावायची आज विसरलेत —
पाय जमिनीला टेकलेत का, वाकून बघावं लागतं.
समोर शिवणवाली. तिलाही आता फळी. तिचा हात बेलकडे —
नको गं बाई. पडले तर पडले. एकदाच उभी राहू —