'प्राउड'च्या पानावर

सोमवार, ४ मार्च

मिळाला! 'आयरनी' हा शब्द मला मिळाला! या इंग्रजी-मराठी कोशासाठी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ही पहिली पूर्ण माझी. संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या घरचाच माल तो. लिही." खरंय. माझी आई सरळ बोलली आहे कधी?

बुधवार, ६ मार्च

लोक कशालाही आयरनी म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा तपासनीस – "छत्री आणली आणि ऊन पडलं, काय आयरनी!" नाही रे बाबा, ते नुसतं नशीब. 'शांतता राखा' ही पाटी लावायला सुतारानं सकाळभर हातोडा आपटला – ही आयरनी! हेतू एक, घडतं नेमकं त्याच्या विरुद्ध. बोलण्यातली तर रोजचीच. शब्द गोड, रोख उलटा.

शुक्रवार, ८ मार्च

आमचा नियम – उदाहरण कानांनी ऐकलेलंच हवं, मनचं चालत नाही. मी आईचं घेतलं. मागे एकदा मी किल्ली आत ठेवून दार ओढलं होतं. दोघी तासभर जिन्यात बसलो. तेव्हा म्हणाली होती, "धन्य! अशा लेकीचा अभिमान वाटतो हो मला!" त्याचं इंग्रजी आणि खाली साधं मराठी, असं उदाहरणाच्या कार्डावर उतरवलं.

बाईंनी अख्खी नोंद वाचली, एकही खूण न करता परत दिली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला म्हणतात नोंद!" घरी कशी पोचले, कळलंच नाही.

आईला सांगितलं. "वा! आता तुमच्याशी बोलायचं तर अर्ज करावा लागेल का?"

असो. मला माझा अभिमान वाटतो. इथे लिहायला काय हरकत?

सोमवार, १८ मार्च

छपाईआधीची शेवटची पानं आली. आईचं वाक्य आयरनीखाली नाहीच!

उलट्या अर्थाच्या कार्डाला कोपऱ्यात लाल टिंब द्यायचं असतं. त्यावरून इतकी वर्षं इतरांना ओरडले, आणि स्वतःच्याच कार्डावर विसरले! तपासनिसाला वाटलं, कार्ड चुकून 'आयरनी'च्या खोक्यात आलंय. त्यानं नेऊन ठेवलं 'प्राउड' शब्दाखाली. सरळ अर्थानं.

मला माझ्या लेकीचा अभिमान वाटतो.

चार वेळा वाचलं. छापलेलं किती खरं वाटतं! बेचाळिसाव्या वर्षी अशी ओळ पाचव्यांदा वाचावीशी वाटावी?

दुरुस्त्या उद्या दुपारपर्यंत द्यायच्या. पेन उघडलं. पुन्हा बंद केलं. पान घरी आणलंय.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी आईला पान दाखवलं, झालेली चूक सांगितली. मनात म्हटलं, आता टोमणे ऐकावे लागणार. विचारलं, "खोडू ना गं?"

चष्मा लावून तिनं बोटानं ओळ शोधली. बराच वेळ बोट तिथेच.

"तेव्हा टोमणाच होता," म्हणाली. मग पान माझ्या हातात देत – "राहू दे. बरोबर जागी गेलंय."

खोडलं नाही.