नोंद नाही

मंगळवार, बोईसर. संध्याकाळ.

डोकं उठलंय. मासवणच्या सुनंदाच्या बाळाला झटके येतात. त्याच्या जनुकांच्या रिपोर्टात एक बदल निघालाय; तो घेऊन दुपारभर दवाखान्यात जनुकांच्या साइट धुंडाळत बसले. एक दुसरीवर पाठवते, दुसरी परत पहिलीवर. शेवटी काय, तर या बदलाची नोंद नाही, आपल्याला माहिती असल्यास कळवा. अरे, मीच विचारायला आलेय ना? म्हणे जगभरची माणसं तपासलीत. आमच्या डोंगरपट्ट्यात कोण आलं होतं तपासायला?

सुनंदाला सांगितलं, "असा बदल कुठेच नोंदलेला नाही."

तिचा चेहरा खुलला. "म्हंजी कोनालाच नाय झाला? मंग बरा हाय." बाळाला कडेवर घेऊन ती निघालीसुद्धा.

नोंद नाही, एवढंच; धोका नाही असं नव्हे. तिला दारातून परत बोलावून समोर बसवावं लागलं.