झाकलेली पिन

३ मार्च, मंगळवार

कुरियरवाला आला. पाकीट नवऱ्याच्या नावाचं. "साहेब नाहीत का?" नाहीत, म्हटलं. सही केली.

आत वायफायचं कार्ड. बोटाच्या पेराहून जरा मोठं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात त्याने मागवलेलं. हे आलं, तो नाही!

त्याच्या लॅपटॉपवर भलत्याच कंपनीची सिस्टीम आहे. चालायला नको, पण चालते. "कंपनी नाही म्हणते गं, मशीन कुठे नाही म्हणतंय?" हे त्याचं ठरलेलं. फक्त आतलं जुनं कार्ड त्या सिस्टीमला ओळखता येत नाही, म्हणून वायफाय नाही. ते चालू झालं की लॅपटॉप बहिणीला द्यायचा, असा शब्द त्याने दिला होता. नणंद सोळा तारखेला नव्या नोकरीवर जाते आहे, दुसऱ्या शहरात.

शब्द त्याचा. आता मीच बसवणार.

५ मार्च, गुरुवार

बसवलं. एक स्क्रू हरवला, तो आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, चपलेत सापडला. त्या म्हणाल्या, "तोही असाच करायचा."

कार्ड दिसतं, पण जागं होत नाही.

त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या मित्राला फोन केला — ढापण्याला. जाड चष्म्यावरून हे नाव माझ्या नवऱ्यानेच पाडलेलं.

"वहिनी, कार्डावर एक पिन असते. तिचं काम एवढंच — मशीनने गप्प म्हटलं की कार्डाला गप्प करायचं. तुमचं मशीन उगाच गप्प म्हणतंय. पिनेवर टेपचा कपटा लावा. कार्ड बहिरं होईल. मग कोणी कितीही बंद हो म्हणू दे, ऐकणार नाही."

"त्याच्यासारखंच," मी म्हटलं. पलीकडे तो हसला, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

६ मार्च

लागलं!! पापणीच्या केसाएवढा टेप, चिमट्याने. चालू झालं.

राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी माझ्या फोनवर दिसते. माझा फोन, आईंचा फोन, आणि खाली 'येतो'.

लॅपटॉपला त्याने दिलेलं नाव. विसरलेच होते. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं — त्या दिवशीही दारातून तेच म्हणाला होता. मी आतून "हं" म्हटलं.

८ मार्च, रविवार

लॅपटॉप कालपासून बंद, कपाटात. यादीत 'येतो' आहे.

ढापण्या म्हणतो, "मशीन झोपलं तरी कार्ड जागं असेल. बहिरं केलंय ना आपण!"

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० मार्च

बॅटरी काढून बाजूला ठेवली. तरी यादीत आहेच.

आता ढापण्या दुसरंच म्हणाला. "राउटर जुनी नावं धरून ठेवतो कधीकधी. एकदा बंद करून चालू करा वहिनी, जाईल."

केलं नाही.

१२ मार्च

आज सहा वेळा यादी पाहिली. आईंना काही सांगितलेलं नाही.

१४ मार्च

नणंदेला सांगावं का, की लॅपटॉप बिघडला? ती दुसरा घेईल कुठून तरी. पण शब्द त्याचा आहे.

बॅटरी परत बसवली.

१५ मार्च, रविवार

नणंद आली. लॅपटॉप सुरू केला आणि रडली. मग म्हणाली, "वहिनी, दादाने दिलेलं नाव काढून माझं टाकू का? तुला चालेल?"

मान हलवली. तिने बदललं.

दारात मिठी मारली. "येते गं." रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी होते.

घरात येऊन पाहिलं. लॅपटॉप गेला, नाव बदललं, तरी यादीत 'येतो'!

मग मीच राउटर बंद केला. थोडी थांबले. चालू केला. माझा फोन, आईंचा फोन. बस. पुरे झालं, म्हटलं.

आई आतून बाहेर आल्या. "अगं, काय केलंस? घर एकदम गप्प झालं."

आईंना ऐकू कमी येतं. राउटरचा तर आवाजच नसतो.

१६ मार्च

सकाळी आई उठून दाराकडे निघाल्या, पदर सारखा करत. बेल मी ऐकली नव्हती. यादी उघडली.

माझा फोन. आईंचा फोन. 'आलो'.